मालकाचं नाव

आंबा घाटाच्या पायथ्याशी शिट्टी वाजली आणि भालचंद्रने मोटारसायकल बाजूला घेतली.

"काका, हेल्मेट काढून द्या," महिला हवालदार म्हणाली.

हल्ली प्रत्येक हेल्मेट बोलत असे, आणि तपासणीत त्याला मालकाचं नाव सांगावं लागे. तीनदा विचारूनही सांगितलं नाही, तर ते चोरीचं ठरून त्यातला आवाज तिथेच पुसला जाई. भालचंद्रच्या हेल्मेटमध्ये सुमतीचा आवाज होता. मागे बसून ती इतकी वर्षं जे बोलली, त्यावरूनच ते बोलायला शिकलं होतं. आता सुमती नव्हती. आणि तिने नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नव्हती.

हवालदारने यंत्र लावून विचारलं, "मालकाचं नाव?"

"अहो, कोण विचारतंय हे?" हेल्मेट म्हणालं. लाल दिवा लागला.

"मालकाचं नाव?"

"हेच की आमचे." दुसरा लाल दिवा लागला.

"बाई, ती नाव घेत नाही हो." भालचंद्र म्हणाला. "पुन्हा विचारू नका."

"यंत्र थांबत नाही काका, विचारावंच लागतं." ती जरा घुटमळली आणि मग हेल्मेटजवळ वाकली. "काकू, उखाणा घ्या बघू."

भालचंद्रने डोळे गच्च मिटले.

"घाटातल्या वळणावर गाडी चालवा हळू, भालचंद्ररावांचं नाव घेते, नका मागे वळू."

हिरवा दिवा लागला. हवालदारने हेल्मेट त्याच्या हातात दिलं. तिच्या तोंडून आपलं नाव ऐकल्यावर ते पुन्हा डोक्यावर चढवायचं मात्र त्याला धैर्य होईना.