धोक्याची पाटी

नवी पाटी ठोकायला वर्गाच्या भिंतीच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यात ड्रिल घुसलं, तशी मुख्याध्यापिका गरुडबाईंनी नाकाला पदर लावून मुलं मैदानावर पिटाळली.

"अहो साहेब, पाटीवर काय लिहिलंय ते तरी वाचा!" त्या ओरडल्या.

"मीच लिहून घेतलंय, बाई," संस्थेचे अध्यक्ष हसले. "'पत्र्याला भोक पाडू नये, धूळ फुफ्फुसाला घातक.' कायद्याने पाटी लावायची जबाबदारी आपली. लावली, सुटलो!"

अशा अकलेच्या कांद्यापुढे तोंडाची वाफ कशाला दवडायची, असं पुटपुटत बाई दाराबाहेर पडल्या.

पाटीला हार चढला, नारळ फुटला. पण तिच्यावर ड्रिलची इतकी पांढरी धूळ बसली होती, की अक्षरं दिसेनात. अध्यक्षांनी पुढे होऊन पाटीवर जोरात फुंकर मारली आणि फोटोसाठी छाती भरून श्वास घेतला.