ओठांना भूल

“मामा, ओठ जाणवतच नाहीत,” दवाखान्यातल्या खुर्चीतून भाची बोबडं बोलली.

“नकोतच जाणवायला,” सिरिंज ठेवत मी म्हणालो. “आता वाच.”

परदेशी डेंटल कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत उतारा वाचून उत्तरं देण्याच्या भागात हेमांगी दोनदा अडकली होती. तिसरी संधी शेवटची. खोड एकच. तिची आई, म्हणजे माझी बहीण, पोथी वाचायची तशी ही प्रत्येक शब्द पुटपुटत वाचायची आणि निम्म्यावरच वेळ संपायचा. चाळीस वर्षं मी दातांना भूल दिली, म्हटलं आता खोडीला देऊन बघू. खोटं वाटेल, पण ओठ बधिर झाले आणि डोळे मोकाट सुटले. महिनाभर रोज एक इंजेक्शन दिलं. पुढे भुलीशिवायही वाचताना ओठ हलेनासे झाले. परीक्षेत सगळे उतारे संपवून ती दहा मिनिटं भिंतीकडे बघत बसली.

प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी तिनं आईनं मरणापूर्वी लिहून ठेवलेलं पत्र काढलं. दर वाढदिवसाला ते वाचताना तिला अर्धा तास लागायचा आणि दोन रुमाल. या वेळी पन्नास सेकंदांत झालं.

“काय म्हणते आई?” मी विचारलं.

“चार परिच्छेद. मुख्य मुद्दा, वेळेवर जेव. लेखिकेचा सूर काळजीचा.” तिनं घडी घातली, ओठांवर बोट फिरवलं आणि सपाट आवाजात विचारलं, “मामा, भूल कधी उतरते हो?”

“दोन तासांत,” पेशंटला सांगतो तसं मी सांगून टाकलं.

त्याला आता सहा वर्षं झाली.