मिश्रीचं बोट

पाहुण्यांनी पालखीतून नेमकं तेच पुस्तक उचललं.

ग्रंथदिंडी अजून देवळासमोरून हललीसुद्धा नव्हती. संमेलनाच्या दिवशी घराघरानं एक पुस्तक द्यायचं, घरातल्या थोरल्या बाईनं ते आपल्या हातानं पालखीत ठेवायचं, आणि सगळ्यांत थोरलीनं पालखी ओवाळायची, ही या गावची रीत. पालखीत पोथ्या होत्या, चरित्रं होती, मास्तरांनी छापून घेतलेला कवितासंग्रह होता. आणि त्यांच्या मधोमध, झेंडूच्या पाकळ्यांत, विटेएवढं जाड निळं पुस्तक. वरच्या चित्रात पंखवाल्या अजगरावर बसलेली एक पोरगी.

"निळ्या पंखांची फौज. भाग दुसरा," पाहुण्यांनी मोठ्यानं वाचलं. ते संमेलनाचे अध्यक्ष, पुण्याहून आलेले. "लाखांनी खपतं म्हणे हे. खपू दे! मिठाईसुद्धा खपते. पण ग्रंथदिंडीत? सीमेवर राहून तुम्ही मराठी जपलीत, ती काय ह्या अजगरांसाठी? कुणी ठेवलं हे?"

अक्काताई हातभर अंतरावर ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिच्या जिभेला ग्रामपंचायत टरकून असायची. सकाळी, देवळापुढं गर्दी व्हायच्या आत, तिनंच ते पुस्तक नव्या खणात गुंडाळून आणलं होतं. तिनंच खण सोडून ते मधोमध ठेवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं.

"पोरीनं ठिवलं असंल," ती म्हणाली. "आजकालच्या पोरींस्नी कुठलं काय कळतंय!"

शाळेच्या मुलींच्या रांगेत तिची नात उभी होती. पूर्णिमा, नववीतली. तिनं आजीकडं बघितलं. एकदाच.

"माझंच आहे सर."

पाहुणे पानं चाळू लागले. "आणि ही काय दशा केलीस गं? ओळीओळीखाली तपकिरी बोटं. कसले डाग म्हणायचे हे?"

शेजारची नागुबाई वाकली, तिनं पानाचा वास घेतला आणि गालाला हात लावला. "अगं बया! ही तर मिश्री." मग आवाज चढवून, "नववीतली पोर मिश्री लावती व्हय गं, अक्काताई? तुझ्या घरात?"

लेझीमवाली पोरं फिदीफिदी हसली. ते हसू रांगेत शिरलं. वर्गशिक्षिका रचनाबाई पुढं आल्या. "पूर्णिमा, तंबाखू? खरं आहे हे?"

ताट डाव्या हातात घेऊन अक्काताईनं उजवा हात पदराखाली ओढला. दात घासून घासून अंगठ्याशेजारचं बोट पेरापर्यंत तपकिरी झालेलं. दुसरीतून शाळा सुटलेली बाई. गेल्या पावसाळ्यात शेंगा फोडताना पूर्णिमा वाचून दाखवायची. मग पोर शाळेला गेली की हिला राहवेना. चुलीपुढं बसून एकेका अक्षराखाली बोट सरकवायची, एका पानाला अख्खी दुपार. कुठल्या पानावर कुठला डाग हे तिला पाठ होतं. गोष्टीतली तारिणी धाकट्या भावाला डोंगरावर सोडून येते त्या पानावर तर बोट घसरून लांबलचक फराटा उठला होता. त्या दिवशी तिला भाकरीचा घास गिळवला नव्हता.

माझं बोट हाय ते. एवढंच तर म्हणायचं होतं. जन्मात कधी तिला शब्दाची वाण पडली नव्हती.

पण पाहुणे तिच्याकडं वळले होते, हात जोडल्यासारखे करून. "आजी, तुम्ही जात्यावर ओव्या जपल्यात. आणि तुमच्याच घरात हे असलं!"

एवढ्या शिकल्यासवरलेल्या माणसानं एवढ्या मानानं तिच्याकडं कधी बघितलं नव्हतं.

"सांगून सांगून तोंड दुखलं माझं," अक्काताई म्हणाली. "ऐकतीया कुठं!"

पूर्णिमानं मान खाली घातली.

"हो बाई," ती रचनाबाईंना म्हणाली. "माझीच बोटं आहेत."

"उद्या वडलांना घेऊन ये."

पाहुण्यांनी पुस्तक तिच्या हातात ठेवलं, डोक्यावर थोपटलं. "मोठी हो. चांगलं वाच." टाळ वाजले. कुणीतरी ओरडलं, "आजी, ओवाळा आता! उशीर व्हायलाय."

अक्काताईचा उजवा हात पदराबाहेर येईना. ताटातली वात वाऱ्यानं आडवी होऊ लागली.

"तू ओवाळ," तिनं ताट नागुबाईच्या पुढ्यात केलं.

"येडी का खुळी? इतकी वर्सं ह्यो मान कुणाला शिवू दिला न्हाईस."

"घे म्हंते न्हवं."

नागुबाईनं ओवाळलं, दोनदा इकडंतिकडं बघत. पालखी उठली. शेजारच्या येळ्ळूर गावच्या दिंडीपेक्षा आपली मोठी दिसावी म्हणून मास्तरांनी पोरींना लांब लांब उभं केलं होतं. पूर्णिमा शेवटून तिसरी. निळं पुस्तक तिनं पालथं करून पोटाशी धरलं होतं. पुढच्या दोघी वळून वळून तिच्या दातांकडं बघत होत्या, आणि ती ओठ मिटून चालत होती.

बायकांच्या घोळक्यातून अक्काताई हळूहळू पुढं सरकली. नातीच्या बरोबरीला आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"दे हिकडं," ती पुटपुटली. "माझ्याजवळ ऱ्हाऊ दे."

पूर्णिमानं समोरची नजर काढली नाही.

"नको आज्जी," ती म्हणाली. "कुणीतरी बघंल."