अकराव्या मिनिटाची टकटक

“नीज नीज माझे बाई, वारा दारी थांबला गं…”

चार वर्षांची होईस्तोवर ती पाळण्यातच झोपायची, म्हणून तो आवाज तिला अजून आठवतो. बाबांचा, बेसूर. कठड्यावर बोटांचा ठेका: टक टक… टक. पाळणा त्यांनीच ठोकूनठाकून केलेला. आई हसायची, “करकर झाकायला गातात!” पुढे पाळणा माळ्यावर गेला, त्याच्याबरोबर गाणंही.

आज ते आठवलं संगणकावरच्या एका रेघेमुळे.

रुग्ण नेणाऱ्या छोट्या विमानात, वैमानिकाच्या खुर्चीमागे, श्वासयंत्र ठेवायची फळी तिनं स्वतः बनवून बसवली होती. फळीवर बाजारात तयार मिळणारा, काडेपेटीएवढा कंपन-नोंदक चिकटवून विमान तासभर फिरवून आणलं. रेघ सगळीकडे इंजिनाच्या लयीत बारीक थरथरत होती. फक्त अकराव्या मिनिटाला टोकदार ठोके.

“काहीतरी सैल आहे,” तपासनीस मॅडम म्हणाल्या. “फळी उतरवा. उद्याचा रुग्ण दुसऱ्या विमानाला देऊ.”

“स्क्रू मी माझ्या हातानं आवळलेत, मॅडम.”

“रेघेला कुठे माहीत आहे ते?”

तिनं रेघ मोठी करून पाहिली. दोन ठोके, जरा थांबून एक. असं चारदा. मग मोठी पोकळी, कुणी श्वास घ्यावा तशी. सैल स्क्रू कशाला श्वास घेईल? तिची बोटं टेबलावर आपोआप चालू लागली, आणि तिला हसू फुटलं.

दारात वैमानिक उभे होते, टोपी काखेत. सगळा कारखाना त्यांना मौनीबाबा म्हणायचा. ती नुसतंच बाबा. विमानात पोरकटपणा चालणार नाही, हे त्यांचं रोजचं वाक्य.

“बाबा, अकराव्या मिनिटाला विमान कुणाच्या हातात होतं?”

“सहवैमानिकाच्या.”

“आणि तुमचा हात?”

ते खिडकीबाहेर बघू लागले. “माझा हात माझ्यापाशी.”

“बरं. मग उतरवते फळी.” तिनं पाना उचलला.

“अगं, थांब!” त्यांचे कान लालबुंद झाले. टेबलापाशी येऊन त्यांनी बोटं टेकवली. टक टक… टक. मॅडम रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. ठोक्याला ठोका जुळत गेला. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसत हसल्या.

“फळी राहू दे. विमान परत एकदा फिरवून आणा. आणि कॅप्टन, या खेपेला हाताची घडी!”

बाबा हसले नाहीत. टोपीशी बोलल्यासारखे म्हणाले, “पाळणा करकरायचा, म्हणून गायचो तेव्हा. इथे इंजिन एवढं गरजतंय, मागे हात लावून बघतो तर तू केलेली फळी हूं की चूं नाही… मग राहवलंच नाही गं, माझे बाई.”