सुटलेले हात

"बाबा, हात सुटतात तिथून क्लिप सुरू करा आणि परत दोरी धरली की संपवा. निवड समितीला तेवढंच हवंय," वेणी घालता घालता लेकीने बजावलं.

लग्नांचे व्हिडिओ कापण्यात दिगंबरची हयात गेली होती, पण लेकीचा दोरीचा मल्लखांब त्याने कधी धड पाहिलाच नव्हता. उंचावर तिने दोन्ही हात सोडले की त्याचे डोळे मिटायचे, ते टाळ्या ऐकूनच उघडायचे. आज मात्र सुटका नव्हती. डोळे मिटून खूण कुठे करणार?

लेकीच्या मैत्रिणीने काढलेला व्हिडिओ तो एकेक फ्रेम पुढे सरकवू लागला. दोरीवरची बोटं सैल झाली. पुढच्या फ्रेममध्ये बोटं आणि दोरी यांच्यामधून पलीकडचं आभाळ दिसलं. तिथे त्याने सुरुवातीची खूण केली आणि त्याचा हात माउसवरच थबकला. लेक उलटी, पायाला दोरीचा एक वेढा, बाकी सगळी हवेत. आणि चेहरा पाळण्यात असायचा तसा निवांत. डोळे तेवढे टक्क उघडे. ते कुठे बघतायत म्हणून त्याने नजर खाली नेली. गर्दीत तो स्वतःच होता, डोळे घट्ट मिटून, हात जोडून.

"मी दर वेळी तुमच्याकडेच बघते," लेक म्हणाली. "तुम्ही इतके घाबरलेले दिसता, की माझं घाबरायचं राहूनच जातं."

समितीला हवं तेवढं झालं होतं. तरी दिगंबरने शेवटची खूण थोडी पुढे नेली, गर्दीतल्या बापाचे डोळे उघडेपर्यंत.