घरीच असतात

धुळीनं छाती किती बिघडते ते रक्तातून शोधायला शहरातले डॉक्टर कोरेगावजवळच्या खडी क्रशरवर आले. कामगारांशी ताडून बघायला त्यांना धुळीत न जाणारी माणसं हवी होती. मालकानं लगेच कामगारांच्या बायका रांगेत बसवल्या. "ह्या कामावर येत न्हाईत. घरीच असतात."

"आवं डॉक्टर, पर आमची घरं..." क्रशरवरच्या बादशहाची बायको आबेदा बोलेपर्यंत सुई टोचून झाली होती.

निकाल आला. नवरे काय नि बायका काय, रक्तात काडीचा फरक नाही. म्हणजे धूळ निर्दोष! मालकानं खुशीत दारोदार पेढे वाटले.



दाताखाली कचकच लागली, तसा आबेदानं तो पेढा क्रशरला खेटून असलेल्या आपल्या पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यातच थुंकला.