तिसरी तार

"अर्थिंग न्यूट्रललाच जोडून टाकतो," बुद्धभूषण शिडीवरून म्हणाला. "सगळेच जोडत्येत."

"जमणार न्हाई," म्हातारा उंबऱ्याबाहेरून म्हणाला. "परसात खड्डा घ्या. प्लेट पुरा. तिसरी तार हरेक बोर्डापर्यंत न्या."

बुद्धभूषण खाली उतरला. सेलूहून वालूरला येऊन त्याला जेमतेम तास झाला होता. काम साधं होतं. नांदेडच्या मल्लेशने फोनवर सांगितलं होतं, "गावातल्या घराचं वायरिंग तीस वर्षांचं आहे. ते काढून नवं टाका. मला त्यातलं कळत नाही, सामान तुम्हीच ठरवा. सोमवारी आई राहायला येतेय, त्याआधी उरका. शेजारणीला घर उघडं ठेवायला सांगतो."

घर उघडंच होतं आणि ओट्यावर हा म्हातारा बसला होता. दारावरच्या पाटीवर 'कल्याणराव' लिहिलेलं. बुद्धभूषणने पाटी वाचून नमस्कार केला, तेव्हा म्हातारा "कामाला लागा" एवढंच म्हणाला होता.

"कल्याणराव, खड्ड्यात एक दिवस जातो," बुद्धभूषण म्हणाला.

"जाऊ द्या."

"नियम मलाबी ठाऊक हायेत. आयटीआय केलंय मी. पण वालूरात कोण बघायला येतंय?"

"कोणीच येत न्हाई," म्हातारा म्हणाला. "म्हणूनच सांगायलोय."

पहिला दिवस खड्ड्यात गेला. प्लेट, कोळसा आणि मिठाची पिशवी म्हाताऱ्याने स्वतः सायकलवर आणून परसदारी टाकली. शेजारच्या सुलाबाईंनी दुपारी चहा आणला, एकच कप. म्हाताऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत काही बिनसलं असेल, असं बुद्धभूषणला वाटलं. तो अर्धा चहा बशीत ओतायला लागला, तर म्हातारा नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जुन्या तारांवरच्या लाकडी पट्ट्या उखडायला सुरुवात झाली.

"मधल्या खोलीत, खुंटीच्या वर बघा," बाहेरून आवाज आला. "तिथं जोड हाय. नुसता पिळलेला, टेप न लावता."

बुद्धभूषणने पट्टी काढली. जोड तिथेच होता. भोवतीचं लाकूड काळं पडलं होतं.

"तुमाला कसं ठाऊक?"

"जुन्या घराचं ठाऊक असतंय."

"मग आत येऊन दाखवा की बाकीचे."

"हितून दिसतंय मला."

गुडघे दुखत असतील, बुद्धभूषणने मनाशी म्हटलं.

स्वयंपाकघरात मात्र वादाची ठिणगी पडली. जुन्या बोर्डात बटण न्यूट्रलवर होतं. बटण बंद केलं तरी तारेत करंट राहायचा. बुद्धभूषणने तेवढं बदललं. म्हाताऱ्याने बाहेरूनच सगळे बोर्ड पुन्हा उघडून तपासायला लावले. वर, शॉक बसताक्षणी लाइन तोडणारा ईएलसीबीही हवा म्हणाला.

"तो रोज उठून पडतो," बुद्धभूषण वैतागला. "पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की लाइट जाणार अन् तुमी मला सेलूहून बोलावणार. नुसता एमसीबी बस्स हाय."

"एमसीबीनं माणूस वाचत न्हाई. तार वाचती."

"मग दुसरा वायरमन बघा, कल्याणराव! दोन दिवस झाले, हरेक स्क्रूला तुमची हरकत. मीबी लायसनवाला हाय, गवंड्याच्या हाताखालचा न्हाई!"

त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि तो स्टँडकडे निघाला. बसला अवकाश होता. तो बाकड्यावर बसतो न बसतो तोच म्हातारा सायकल ढकलत आला. त्याला धाप लागली होती. त्याने सायकल झाडाला टेकवली आणि बुद्धभूषणसमोर उभं राहून हात जोडले.

"तेवढं करून जा," म्हातारा म्हणाला. "पुन्हा एक शब्द बोलणार न्हाई. बाई एकटी राहणार हाय त्या घरात."

बापाच्या वयाचा माणूस चार लोकांसमोर हात जोडतोय, हे बुद्धभूषणला बघवेना. हा दिवसभर रानात जात असेल आणि बायको घरात एकटी; पण एवढ्या वयात बायकोची इतकी काळजी करणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. "चला," तो म्हणाला. सायकल त्यानेच ढकलत आणली.

पुढचे दोन दिवस म्हातारा खरंच बोलला नाही. ओट्यावरून नुसता बघत राहिला. बुद्धभूषणने मात्र न सांगता सगळं केलं. तिसरी, हिरवी तार गिझरला नेली, फ्रिजला नेली, परसातल्या मोटरलाही नेली.

सोमवारी दुपारी त्याने ईएलसीबीचं टेस्टचं बटण दाबलं. खट्‌ आवाज होऊन सगळं घर बंद पडलं. दाराबाहेर म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

"झालं तुमच्या मनासारखं?" बुद्धभूषणने विचारलं.

म्हाताऱ्याने मान हलवली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. म्हातारा उठला, त्याने चपला घातल्या आणि तो सायकल घेऊन उलट्या दिशेने चालू लागला.

जीपमधून मल्लेश आणि त्याची आई शिवम्मा उतरले. बुद्धभूषणने त्यांना बोर्ड दाखवले, खड्डा दाखवला.

"यातलं निम्मं मी केलंच नसतं," तो मोकळेपणाने म्हणाला. "तुमच्या वडलांनी चार दिवस ओट्यावर बसून करून घेतलं. लय भांडलो आमी. कल्याणराव काही हटेनात."

मल्लेश गर्रकन वळला.

"वडील जाऊन दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "याच घरात. कूलरला हात लागला, अन् तिथंच चिकटले."

बुद्धभूषणने गल्लीकडे बोट दाखवलं. सायकल ढकलत जाणारी पाठमोरी आकृती अजून दिसत होती.

शिवम्मा ओट्याच्या कडेला आल्या. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी तिकडे पाहिलं.

"तो राजेश्वर वायरमन," त्या म्हणाल्या. "आधीचं वायरिंग त्याच्याच हातचं."